रद्दी कोण ठरवतो? रोजकीर्दीपासून सर्व्हरच्या लॉगपर्यंत

१/ पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा गावी खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तिचा बैलबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. बाजारात जनावर विकले गेले की पावती फाटते आणि स्थळप्रत पुस्तकात राहते. पुढल्या पौषात त्या पुस्तकाकडे कोण पाहतो? मग ते किती वर्षे ठेवायचे? इतिहासप्रेमी गडकिल्ल्यांवरून तावातावाने भांडतात, या प्रश्नावर मात्र गप्प असतात. हे मौन महागात पडणारे आहे.

२/ अखंड चालणारे यंत्र अखंड नोंदी करते. सर्व्हरवरचे प्रत्येक लॉगिन, प्रत्येक बदल, प्रत्येक बिघाड ‘लॉग’ फाइलमध्ये ओळीने उतरतो. फाइल फुगते, डिस्क भरते आणि शेवटी कामच थांबते. म्हणून ‘लॉगरोटेट’सारखी आज्ञावली ठरल्या वेळी जुनी फाइल बाजूला सारते, नवी उघडते आणि सर्वांत जुनी पुसून टाकते. अनेक लिनक्स प्रणालींत मूळचा नियम आहे आठवड्याला एक फाइल आणि मागच्या चार शिल्लक. तो कोणी बदलला नाही, तर महिन्यामागचे काही हाती लागत नाही.

३/ ही अडचण पेशव्यांच्या हुजूर दफ्तरालाही होती. दिवसाचा व्यवहार आधी रोजकीर्दीत, तिच्यावरून खातेवार खतावणी, पुढे ताळेबंद. सार निघाल्यावर रोजकीर्द फेकली असती, तर कारकुनाचे काही अडले नसते. ती रुमालात बांधून ठेवली गेली. त्या रोजनिश्यांतून गणेश चिमणाजी वाड यांनी उतारे निवडले आणि १९०० साली न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांच्यावर निबंध लिहिला. बखरींत मोहिमा होत्या. वेठबिगार, तुरुंग, चलन, कर्ज हे सारे या रोजच्या नोंदींत होते. ज्याने त्या लिहिल्या, त्याला आपण इतिहास लिहितो आहोत याची कल्पनाही नसावी.

४/ दप्तराचा नाश म्हटला की डोळ्यांपुढे आग येते. पण सही-शिक्क्यानेही नाश होतो, आणि त्याची बखर कोणी लिहीत नाही.

५/ सगळेच जपा, असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. महाराष्ट्रातील सरकारी कार्यालयांत अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत: ‘अ’ कायमचा, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ ५ वर्षे, ‘ड’ एक वर्ष. या पद्धतीत दोष असतील, पण कागद फेकण्यापूर्वी तो कशाचा आहे, हे तिथे विचारावे लागते. लॉगरोटेट फक्त वय आणि आकार विचारतो.

६/ नक्कल करतानाचा धोका तर दोन्हीकडे सारखाच आहे. हस्तलिखित सातबाऱ्याचे दर दहा वर्षांनी पुनर्लेखन होई. चालू नोंदी नव्या पानावर उतरवल्या जात. उतरवताना एखादी ओळ सुटली, तर जमीन महसूल संहितेचे कलम १५५ घेऊन तहसीलदाराकडे खेटे घालावे लागतात. लॉगरोटेटमध्ये ‘कॉपीट्रंकेट’ नावाची सोय आहे: चालू फाइलची प्रत काढायची आणि मूळ फाइल तिथेच रिकामी करायची. या दोन क्रियांच्या मधल्या क्षणात लिहिलेल्या ओळी हरवू शकतात, असे तिच्या माहितीपुस्तिकेतच म्हटले आहे. जुनी फाइल नाव बदलून तशीच ठेवावी आणि चालू प्रक्रियेला नवी उघडण्याचा इशारा द्यावा, हा निर्धोक मार्ग. तलाठ्याच्या भाषेत सांगायचे तर नवे पान उघडा, जुने फाडू नका.

७/ आता शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातील ठाकर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांकडे पाहावे. जमातीचा दावा सिद्ध करायचा, तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या पुराव्याला मोठे वजन असते. तो कुठे मिळतो? बहुधा शाळेच्या दाखलखारिज नोंदवहीत, नाहीतर कोतवाल बुकात. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूचा शुद्ध लॉग. कोतवालाने आज्याच्या जन्माची ओळ खरडली, तेव्हा नातवाचे शिक्षण तिच्यावर अडेल, हे कुणाच्या ध्यानी असणार? कुळाचेही तेच. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, त्या दिवशी जमीन कोण कसत होते? उत्तर पीकपाहणीच्या एका रकान्यात.

८/ सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये लॉग १८० दिवस सांभाळण्याचे निर्देश दिले. घुसखोराचा माग काढायला ते ठीक. पण जमिनीचा वाद १८० दिवसांत जन्मतही नाही. तो वाटणीच्या वेळी, दुसऱ्या पिढीत जन्मतो. १९७४ च्या आदिवासी जमीन प्रत्यार्पण कायद्याने तर १ एप्रिल १९५७ पासूनची, म्हणजे सतरा वर्षांची हस्तांतरणे उकरली. मुदत मात्र तो ठरवतो, ज्याची डिस्क भरते. ज्याची जमीन जाते, त्याला विचारलेच जात नाही.

९/ तेव्हा भूमी अभिलेखांच्या सर्व्हरवरचे सगळे लॉग एका मापाने मोजणे बंद व्हावे. मेमरी किती वापरली, पान किती वेळात उघडले, ही ओळ ‘ड’ वर्गात जावी. कोणी रडणार नाही. पण कोणत्या लॉगिनने, कोणत्या दिवशी, कोणता फेरफार चढवला वा बदलला, ही ओळ ‘अ’ वर्गातच हवी, मूळ क्रमाने आणि दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीसह. लॉग म्हणजे कागद नव्हे, ही सबब चालणार नाही. १९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकावर निर्माण झालेले साहित्यही अभिलेखाच्या व्याख्येत घेतले आहे.