बाटली, बंदर आणि बारा सागरी मैल

गेल्या हिवाळ्यात एका देशांतर्गत सागरी सफरीसाठी मी बंदरातील प्रवासी टर्मिनलवर रांगेत उभा होतो. माझ्यापुढे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी होत्या. क्ष-किरण यंत्रातून बाहेर आलेली त्यांची बॅग बाजूला काढण्यात आली. आत वाइनची एक सीलबंद बाटली होती. परदेशात राहणाऱ्या मुलाने ती येताना विमानतळावरील करमुक्त दुकानातून आणलेली. लग्नाचा चाळिसावा वाढदिवस जहाजावर साजरा करायचा आणि तेव्हा ती उघडायची, असा बेत होता. गृहस्थांनी खरेदीची पावतीही जपून ठेवली होती. सुरक्षा कर्मचारी नम्रपणे म्हणाला, "काका, बाहेरचं मद्य चालत नाही." कोणत्या नियमाने, असे विचारल्यावर त्याने आधी "सुरक्षेसाठी" असे सांगितले, मग "सरकारी नियम आहे" आणि शेवटी "कंपनीचं धोरण आहे". बाटली एका प्लास्टिकच्या टोपलीत गेली. तिची पावती कोणी दिली नाही.

या लेखाचा विषय त्या तीन उत्तरांत आहे. सुरक्षा, कायदा आणि व्यापार ही बंदी घालण्याची तीन वेगवेगळी कारणे आहेत. त्यांचे अधिकार वेगळे आणि त्यांच्याविरुद्ध दाद मागण्याच्या जागाही वेगळ्या. आपल्या सागरी पर्यटनात मात्र ती एकमेकांत इतकी मिसळली आहेत, की कंपनीचा नफा सरकारी नियमाच्या आड लपू शकतो आणि सरकारची संदिग्धता कंपनीच्या धोरणाआड.

जगातील बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्यांची पद्धत एकसारखी नसली तरी तिचा सांगाडा ठरलेला आहे. प्रौढ प्रवाशाला चढताना वाइनची वा शॅम्पेनची ७५० मिलिलिटरची एखादी बाटली नेता येते. भोजनगृहात ती उघडायची तर काही कंपन्या 'कॉर्केज' शुल्क घेतात. व्हिस्की, रम, व्होडका न्यायला सहसा मनाई असते. वाटेतल्या बंदरात विकत घेतलेली बाटली जहाजावर चढताच ताब्यात घेतली जाते आणि सफरीच्या शेवटी परत मिळते. हे सारे तिकिटाच्या अटींमध्ये लिहिलेले असते. यामागे पैसा आहे हे कोणी फारसे लपवतही नाही. तिकीट स्वस्त ठेवायचे आणि जहाजावरच्या मद्यातून, खरेदीतून, सहलींतून भरून काढायचे, हे या व्यवसायाचे जुने गणित आहे.

आपल्याकडे हे गणित अधिक गुंतागुंतीचे होते, कारण मद्य हा विषय दिल्लीचा नाही. मादक पेयांचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक आणि विक्री हा राज्य सूचीतील आठवा विषय, आणि त्यांवरील उत्पादन शुल्क हा एक्कावन्नावा. अनुच्छेद ४७ दारूबंदीसाठी प्रयत्न करण्याचे मार्गदर्शक तत्त्व सांगतो. १९५१ मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध बलसारा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असाही युक्तिवाद झाला होता, की परदेशातून माल आयात करणे हा केंद्राचा विषय असल्याने आयात मद्य बाळगण्यास राज्य बंदी घालू शकत नाही. न्यायालयाने तो मानला नाही. म्हणजे सीमाशुल्काच्या फाटकातून प्रवाशाला करमुक्त सवलतीचे दोन लिटर मद्य रीतसर आणता येते, पण फाटकाबाहेर पाऊल पडले की त्या दोन लिटरांवर राज्याचा कायदा सुरू होतो. रांगेतल्या त्या गृहस्थांची पावती सीमाशुल्क अधिकाऱ्याचे समाधान करू शकली असती. राज्य उत्पादन शुल्क विभागापुढे तेवढ्याने भागतेच असे नाही.

एकट्या पश्चिम किनाऱ्यावरून प्रवास केला तरी या कायद्यांचे किती रंग दिसतात! महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्यानुसार मद्यपानासाठी परवाना लागतो आणि विदेशी मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. गोव्यात ती त्याहून कमी आहे आणि करही कमी. मुरगावला जहाजावर चढताना फेणीची बाटली आठवण म्हणून घेणारा प्रवासी मुंबईत उतरतो तेव्हा, गोव्यातून येणाऱ्या प्रत्येक मोटारीकडे संशयाने पाहणाऱ्या महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क विभागाच्या लेखी तो कोण असतो? दीवमध्ये मद्य खुले आहे, आणि त्याला लागून असलेल्या गुजरातमध्ये राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी. दक्षिणेकडे लक्षद्वीपमध्ये बंगाराम बेट सोडले तर बंदीच आहे. २०२१ मध्ये तेथील प्रशासनाने पर्यटनासाठी ही बंदी सैल करण्याचा विचार पुढे आणला तेव्हा बेटांवर तीव्र विरोध झाला. मुंबई वा कोचीहून जाणाऱ्या जहाजावरील प्रवासी तेथील किनाऱ्यावर उतरतो तेव्हा त्याच्या पिशवीतील बाटली ही केवळ त्याची वैयक्तिक आवड राहत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या समाजाने आपल्यासाठी ठरवलेल्या नियमाचा तेथे प्रश्न येतो. प्रवाशाच्या हक्काची बाजू मांडताना मला हे विसरून चालणार नाही.

भारताच्या प्रादेशिक समुद्राची रुंदी १९७६ च्या कायद्याने बारा सागरी मैल ठरवली आहे. या पट्ट्यात जहाजावर जेवण विकले गेले तर कर कोणत्या राज्याचा, याचे उत्तर एकात्मिक वस्तू व सेवा कर कायद्याने देऊन ठेवले आहे: ज्या किनारी राज्यात आधाररेषेचा सर्वात जवळचा बिंदू असेल, त्या राज्याचा. एवढी काटेकोर व्यवस्था थाळीसाठी झाली. पण मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा करातून वगळलेले असल्याने त्याच टेबलावरच्या ग्लासाला हे सूत्र लागू होत नाही. राज्यांनी मद्यावरचा कर हातचा सोडला नाही, हे समजण्यासारखे आहे, कारण पेट्रोल-डिझेलप्रमाणेच तो त्यांच्या उरल्यासुरल्या वित्तीय स्वायत्ततेचा भाग आहे. मात्र हा हक्क राखताना समुद्राचा विचार कोणी केला नाही.

अशी संदिग्धता असली की निर्णय कायद्याऐवजी प्रसंगानुसार होतात. जून २०२२ मध्ये चेन्नईहून निघालेले एक पर्यटन जहाज पुदुच्चेरीच्या समुद्रात पोहोचले आणि प्रवासी न उतरवताच परतले. जहाजावर जुगार चालतो या आक्षेपावरून तेथे राजकीय वादळ उठले होते आणि प्रशासनाने परवानगी दिली नाही. ज्या पुदुच्चेरीत स्वस्त मद्यासाठी शेजारच्या तमिळनाडूतून माणसे येतात, तेथे संस्कृतिरक्षणाचा मुद्दा निघावा, यातला विरोधाभास बाजूला ठेवू. तिकीट काढून बसलेल्या प्रवाशांना आपण कुठे उतरू शकू हे समुद्रात पोहोचल्यावर कळले, हे अधिक गंभीर आहे. पुढच्याच वर्षी, १३ जानेवारी २०२३ रोजी, वाराणसीहून दिब्रुगडकडे 'गंगा विलास' निघाले. ५१ दिवसांचा, सुमारे ३२०० किलोमीटरचा हा प्रवास २०१६ पासून संपूर्ण दारूबंदी असलेल्या बिहारमधून होता. जहाजावर बार असल्याचा आरोप अखिलेश यादव यांनी केला, तर चालकांनी शाकाहारी भोजन आणि मद्यविरहित पेयेच मिळतील असे सांगितले. वाद गंगेच्या पावित्र्याभोवती फिरला. प्रवाशाच्या सामानातील बाटलीचे बक्सरपासून पुढे काय व्हायचे, हा साधा प्रशासकीय प्रश्न कोणी विचारला नाही.

जमिनीवरही आपण याहून फार वेगळे वागत नाही. जून २०२३ मध्ये दिल्ली मेट्रोने प्रत्येक प्रवाशाला दोन सीलबंद बाटल्या नेण्याची मुभा दिली. काही दिवसांतच दिल्लीच्या उत्पादन शुल्क विभागाने आठवण करून दिली, की दुसऱ्या राज्यातून एकच बाटली आणता येते, आणि मेट्रो तर हरियाणात जाते, उत्तर प्रदेशातही जाते. विमान वाहतुकीत मात्र नियम पुरेसे स्पष्ट आहेत. देशांतर्गत उड्डाणात मद्य दिले जात नाही. नोंदणीकृत सामानात २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेले सीलबंद मद्य पाच लिटरपर्यंत नेता येते. ते विमानात उघडता येत नाही. उतरल्यावर त्या राज्याचा कायदा लागू. एखाद्याला हे नियम पटोत वा न पटोत, घरातून निघण्यापूर्वी ते कळतात.

आता कंपनीच्या बाजूकडे वळतो, आणि ती बाजू लटकी नाही. जहाजावरील मद्याबाबत सुरक्षेचा मुद्दा खरा आहे. बारमध्ये पेय देणारा माणूस ग्राहकाकडे पाहत असतो. बोलणे जड झाले, पाय अडखळू लागले की तो पुढचा ग्लास नाकारू शकतो. केबिनच्या बंद दाराआड, स्वतःच्या बाटलीसोबत, हा तिसरा डोळा नसतो. आणि केबिनला गॅलरी असते, तिच्याखाली समुद्र. अमेरिकेने २०१० मध्ये क्रूझ जहाजांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र कायदा केला. कठड्याची उंची किमान ४२ इंच असावी आणि गंभीर गुन्हे कळवलेच पाहिजेत, असे बंधन त्यात आहे. जहाजावरील खलाशी-अधिकाऱ्यांच्या रक्तातील अल्कोहोलवर आंतरराष्ट्रीय नियमांनी ०.०५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, कारण आणीबाणीत हजारो माणसांना जीवरक्षक नौकांपर्यंत त्यांनाच न्यायचे असते. ते ज्यांना नेणार, ते प्रवासीही आपल्या पायांवर उभे असलेले बरे.

पण सुरक्षेचा हा युक्तिवाद जहाजावरच्या बारलाही लागू व्हायला हवा. अमर्याद पेयांचे 'पॅकेज' विकून प्रवाशाला जास्तीत जास्त ग्लास रिकामे करण्याचे आमिष दाखवणारी जहाजे जगभर फिरतात. तसे पॅकेज विकणारी कंपनी वाइनच्या एका सीलबंद बाटलीला सुरक्षेच्या कारणावरून अडवू लागली, तर ते कारण मला ऐकवत नाही. तिने सरळ म्हणावे की येथे आम्हीच विकू.

असे म्हणण्याचा तिला अधिकार आहे का? बहुधा आहे. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांना बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याची मुभा दिली. ती खाजगी मालमत्ता आहे आणि आतले पदार्थ घेण्याची कोणावर सक्ती नाही, अशी त्यामागची भूमिका होती. सोबत पिण्याचे पाणी मोफत मिळावे आणि तान्ह्या मुलांचे अन्न अडवू नये, हेही न्यायालयाने नोंदवले. महाराष्ट्रातील वाचकांना २०१८ चा मल्टिप्लेक्समधील पॉपकॉर्नचा वाद आठवत असेल. सरकारने आधी घोषणा केली आणि नंतर माघार घेतली. चित्रपटगृहाचे हे तत्त्व जहाजाला लावता येईल, पण एक फरक लक्षात ठेवून. मध्यंतरात प्रेक्षक बाहेर पडून कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेऊ शकतो. चौथ्या डेकवरच्या माणसाला तीन दिवस दुसरे दुकान नाही. ग्राहक जितका बांधलेला, तितकी विक्रेत्याची उघडपणाची जबाबदारी मोठी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित कराराची संकल्पना आली आहे. बाहेरच्या मद्याला बंदी, आतल्या मद्याचे दर चढल्यावरच कळणार आणि घेतलेल्या वस्तूची नोंद नाही, असा करार त्या कसोटीवर तपासून पाहायला हवा.

प्रवाशाने आपली बाटली जहाजावर उघडावी, असा आग्रह मी धरत नाही. ती त्याच्या मालकीची राहावी, एवढेच माझे म्हणणे आहे. यासाठी नवा शोध लावायची गरज नाही. परदेशी जाणाऱ्या जहाजावरील साठा १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ८७ व्या कलमानुसार शुल्काविना वापरता येतो. जहाज बंदरात असते तेव्हा त्या साठ्याच्या कोठडीला मोहोर लावण्याची पद्धत खलाशांना चांगली परिचित आहे. प्रवाशांच्या बाटल्यांसाठी अशीच एक मोहोरबंद कोठडी असावी. चढताना नाव, केबिन आणि बाटलीची नोंद असलेली पावती द्यावी, उतरताना ती बघून बाटली परत करावी. मधल्या बंदरांवर, ते दारूबंदी असलेल्या राज्यातले असले तरी, ही कोठडी 'वाटेतला माल' समजली जाईल, असे किनारी राज्यांनी आपापल्या उत्पादन शुल्क नियमांत लिहावे. उतरण्याच्या राज्यात ती बाटली बेकायदा ठरत असेल, तर हे तिकीट विकतानाच सांगावे, म्हणजे माणूस ती घरीच ठेवील.

राज्ये याला तयार होतील का? गुजरातने डिसेंबर २०२३ मध्ये गिफ्ट सिटीतील ठरावीक ठिकाणी मद्य देण्याची मुभा दिली, पण बाटली विकण्याची दिली नाही. बंदी सैल करतानाही राज्य आपल्या अटी किती बारकाईने लिहू शकते, याचे हे उदाहरण. आर्थिक हितासाठी एवढे बारीक नियम करता येतात, तर मोहोरबंद कोठडीसाठी अर्धे पान लिहिणे अवघड नसावे. केंद्राने हे राज्यांवर लादू नये; तसा त्याला अधिकारही नाही. पण ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून 'क्रूझ भारत मिशन' सुरू करताना क्रूझ प्रवाशांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करण्याचे उद्दिष्ट त्यानेच जाहीर केले आहे. धक्के आणि टर्मिनल बांधण्याच्या बैठकांना बंदर अधिकारी जमतात. त्यातल्या एका बैठकीला किनारी राज्यांच्या उत्पादन शुल्क आयुक्तांनाही बोलवावे आणि एक आदर्श नियमावली त्यांच्यापुढे ठेवावी.

सफर संपल्यावर ते निवृत्त गृहस्थ मला पुन्हा भेटले, सामानाच्या पट्ट्याजवळ. बाटली परत मिळेल का, म्हणून ते खिडकीपाशी चौकशी करत होते. आतल्या तरुणाने दोन ठिकाणी फोन लावला, एक वही चाळली. बाटली नष्ट केली की दुसरीकडे गेली, याची नोंद त्यात नव्हती. निदान ती घेतली होती एवढे तरी लिहून द्या, असे ते म्हणाले तेव्हा तो तरुण खरोखरच ओशाळला. "काका, तसा फॉर्मच नाही आमच्याकडे," त्याने सांगितले.