दुसरं दार बंद होतंय का?

आपल्याकडे 'ज्युनिअर कॉलेज' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती अकरावी-बारावी. सायन्स घ्यायचं की कॉमर्स, क्लास कुठला लावायचा, सीईटी, नीट आणि घरातल्या सगळ्यांचं वाढलेलं ब्लडप्रेशर! अमेरिकेत मात्र ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. घराजवळचं, कमी फीचं. बरेच जण त्याला कम्युनिटी कॉलेजही म्हणतात. ज्यांना मोठ्या विद्यापीठाचा खर्च झेपत नाही, ज्यांचे मार्क थोडे कमी पडले, ज्यांना दिवसा नोकरी करून शिकायचंय, ती मुलं-मुली तिथे जातात. दोन वर्षं झाली की पुढची दोन वर्षं विद्यापीठात.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या कॉलेजांशी आपला काय संबंध? सांगते. या दोन वर्षांच्या कॉलेजांतून विद्यापीठांच्या बास्केटबॉल टीमसाठी मुली निवडण्याची तिथे एक जुनी पद्धत आहे. गेल्या चार-पाच वर्षांत तिथले नियम असे काही बदललेत, की अडखळलेल्या मुलीला मिळणारी दुसरी संधीच धोक्यात आली आहे. आणि 'अडखळलेली मुलगी' हा विषय काही फक्त अमेरिकेचा नाही, हो ना?

आधी जरा मागे जाऊ या. या कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना १९३८ मध्ये स्थापन झाली. पण मुलींच्या स्पर्धा तिथे सुरू व्हायला १९७५ उजाडावं लागलं. मधे काय घडलं? १९७२ मध्ये अमेरिकेत 'टायटल नाइन' नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी आहे म्हणून भेदभाव करता येणार नाही, एवढंच तो सांगतो. पण या एका वाक्यानं मुलींसाठी मैदानं उघडली, स्कॉलरशिप आल्या.

याच वाटेनं आली शेरिल स्वूप्स. टेक्सासमधल्या ब्राउनफील्ड या छोट्या गावातली मुलगी. आईनं एकटीनं वाढवलेली. ऑस्टिनच्या मोठ्या विद्यापीठात तिला स्कॉलरशिप मिळाली, ती गेलीही, पण करमेना! थोड्याच दिवसांत घरी परत आली. आपल्याकडे असं झालं असतं तर काय झालं असतं, हे तुम्हाला सांगायला नकोच. 'बघा, म्हटलं नव्हतं?' म्हणणारे दारात रांग लावून उभे राहिले असते. शेरिलनं काय केलं, तर घराजवळच्या साउथ प्लेन्स या दोन वर्षांच्या कॉलेजात नाव घातलं. तिथे खेळली, शिकली आणि मग जवळच्याच टेक्सास टेक विद्यापीठात गेली. १९९३ च्या राष्ट्रीय फायनलमध्ये तिनं एकटीनं ४७ पॉइंट केले आणि टीमला विजेतेपद मिळवून दिलं. पुढे तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं. १९९७ मध्ये महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली, त्याच मोसमात बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी ती कोर्टवर परतली!

दुसरी योलांडा ग्रिफिथ. मोठ्या विद्यापीठात जायचं ठरलं होतं, तेवढ्यात दिवस गेले. मुलीला वाढवता वाढवता ती फ्लोरिडात पाम बीचच्या दोन वर्षांच्या कॉलेजात खेळली. पोटासाठी काम काय करायची, तर कर्जाचे हप्ते थकलेल्या लोकांच्या गाड्या ओढून आणायचं! तिथून ती फ्लोरिडातल्याच एका विद्यापीठात गेली. १९९९ मध्ये त्याच व्यावसायिक लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि २००० व २००४ च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदकं जिंकली. ही दोन वर्षांची कॉलेजं नसती, तर या दोघींची नावं आज कुणाला माहीत असती का?

आता ही निवड होते कशी? पहिल्या दर्जाच्या विद्यापीठात मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये साधारण पंधरा जागा. दरवर्षी चार-पाच मुली पदवी घेऊन बाहेर पडतात, तेवढ्याच जागा रिकाम्या. कोच त्यातल्या बऱ्याचशा शाळेतून आलेल्या मुलींनी भरतात, कारण त्या चार वर्षं हाताशी राहतात. पण एखादी उंच खेळाडू अचानक सोडून गेली, टीम कमजोर पडली, की नजर वळते दोन वर्षांच्या कॉलेजांकडे. तिथली मुलगी वीस वर्षांची, अंगानं भरलेली, कॉलेजच्या सामन्यांची सवय असलेली. थोडक्यात, तयार खेळाडू. तोटा एकच, तिच्याकडे खेळायला दोनच वर्षं उरलेली असतात.

मग कोच तिचे सामने बघतात, व्हिडिओ मागवतात, तिच्या कोचला फोन करतात. आणि खेळाइतकाच बारकाईनं बघतात तिच्या मार्कांचा कागद! शाळेत मार्क कमी पडले असतील, तर दोन वर्षांचं कॉलेज पूर्ण करून, चारपैकी किमान अडीच ग्रेड मिळवून, इंग्रजी, गणित, विज्ञान पास होऊन यावं लागतं. शिवाय तिनं घेतलेले विषय नव्या विद्यापीठात धरले गेले पाहिजेत. कितीतरी मुलींचं घोडं इथेच अडतं. बॉल बास्केटमध्ये जातो, पण क्रेडिट कागदावर चढत नाहीत.

इथपर्यंत ठीक होतं. मग बदल सुरू झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंसाठी 'ट्रान्सफर पोर्टल' आलं. आपलं नाव त्या यादीत घातलं की कुठलाही कोच थेट संपर्क करू शकतो. तरी तेव्हा बास्केटबॉलसारख्या खेळात विद्यापीठ बदललं की सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ मध्ये एकदा बदलण्यापुरती ती अट गेली आणि २०२४ मध्ये अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदलायला मोकळीक मिळाली.

खेळाडूच्या दृष्टीनं हे चांगलंच, नाही का? कोच वाईट वागतो, बेंचवर बसवून ठेवतो, तर मुलीनं तिथेच का कुढत बसायचं? मला हे मनापासून पटतं. पण त्याची दुसरी बाजू बघा. आता कोचला तयार खेळाडू हवी असेल, तर पोर्टलमध्ये शेकडो नावं आहेत. पहिल्या दर्जाच्या विद्यापीठात दोन-तीन वर्षं खेळलेली बावीस वर्षांची मुलगी समोर असताना, छोट्या कॉलेजातल्या वीस वर्षांच्या मुलीवर डाव कोण लावेल? जागा तेवढ्याच, उमेदवार वाढले. अशा वेळी यादीतून आधी कुणाचं नाव खाली सरकतं, ते आपल्याला रेशनच्या रांगेपासून माहीत आहे.

त्यात आला पैसा. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिराती करून कमावता येऊ लागलं. जून २०२५ मध्ये कोर्टानं एका मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षासाठी मर्यादा होती एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर! पण वाटणी कशी? मागच्या वर्षांची भरपाई देताना जे सूत्र धरलं, त्यात ढोबळमानानं ७५ टक्के फुटबॉलला, १५ टक्के मुलांच्या बास्केटबॉलला, ५ टक्के मुलींच्या बास्केटबॉलला आणि उरलेले ५ टक्के बाकी सगळ्यांना. बऱ्याच मोठ्या विद्यापीठांनी पुढची वाटणीही याच अंदाजानं आखली. म्हणजे घरात भाकरी मोठी झाली, तरी मुलीच्या ताटात कोपराच! या भरपाईच्या वाटपाविरुद्ध काही महिला खेळाडूंनी टायटल नाइनचा आधार घेऊन जून २०२५ मध्येच अपील केलं.

'मुलींचे सामने बघतं कोण?' हा आवडता युक्तिवादही आता टिकत नाही. २०२४ मध्ये मुलींची राष्ट्रीय फायनल सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली, मुलांची सुमारे १ कोटी ४८ लाख लोकांनी. आणि फक्त तीनच वर्षांपूर्वी, २०२१ मध्ये, याच राष्ट्रीय स्पर्धेत मुलांना सुसज्ज जिम आणि मुलींना डंबेल्सचा एक छोटासा स्टँड दिला होता. एका खेळाडूनं त्याचा व्हिडिओ जगाला दाखवला, तेव्हा कुठे आयोजकांना जाग आली.

दोन वर्षांच्या कॉलेजातल्या खेळाडूंच्या बाजूनं एक निकाल मात्र लागला. डिसेंबर २०२४ मध्ये एका फुटबॉल खेळाडूच्या खटल्यात कोर्टानं त्याला आणखी एक मोसम खेळू दिलं. छोट्या कॉलेजातली वर्षं विद्यापीठाच्या हिशेबात का धरायची, हा त्याचा सवाल होता. मग संघटनेनं तशाच परिस्थितीतल्या इतरांनाही २०२५-२६ साठी सवलत दिली. पण इथेही गंमत बघा. आधीच आत असलेली खेळाडू एक वर्ष जास्त राहिली, तर बाहेर उभी असलेली आणखी एक वर्ष थांबते. नियम कितीही मोकळे केले, तरी जागा वाढवल्याशिवाय दार मोठं होत नाही, असं मला वाटतं.

आता थोडं कामाचं. 'तुमच्या मुलीला अमेरिकेत स्पोर्ट्स स्कॉलरशिप मिळवून देतो' असं सांगणारे एजंट आपल्याही गावांपर्यंत पोचू शकतात. तुमची लेक, भाची, पुतणी खेळत असेल, तर हुरळून जाण्याआधी काही प्रश्न विचारा. कॉलेज कुठल्या विभागात खेळतं? दोन वर्षांच्या कॉलेजांत पहिल्या विभागात राहण्या-जेवणासकट पूर्ण स्कॉलरशिप मिळू शकते, दुसऱ्यात फक्त फी आणि पुस्तकं, तिसऱ्यात काहीच नाही. कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजं तर खेळाची स्कॉलरशिप देतच नाहीत. स्कॉलरशिप किती वर्षांची, आणि ती लेखी आहे का? कोच बदलला तर काय? इथे घेतलेले विषय पुढच्या विद्यापीठात धरतील का? विमा, विमानाचं तिकीट कुणाकडे? आणि गुडघ्याला दुखापत झाली तर? खेळणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, म्हणून हा प्रश्न सोडू नका. आणखी एक, स्टुडंट व्हिसावर कमाईवर कडक बंधनं असतात. तेव्हा 'तिकडे मुली लाखो कमावतात' हे ऐकून हिशेब मांडू नका.

आणि आपलं काय? आपल्याकडे पुण्याच्या शिरीन लिमयेसारखी मुलगी भारतीय बास्केटबॉल टीमची कर्णधार होते. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेत खेळाडूंची भरती होते, विद्यापीठांचा 'अश्वमेध' होतो. पण या सगळ्यापर्यंत पोचायला मुलगी मैदानावर टिकली पाहिजे ना! दहावी आली की 'आता खेळ पुरे', बारावी झाली की 'आता स्थळं बघू'. आमच्या गावच्या मैदानावर आठवीपर्यंत दिसणाऱ्या मुली अकरावीत दिसत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. एक वर्ष खेळ सुटला, की तिला परत आत घेणारी बांधीव व्यवस्था आपल्याकडे नाही. अमेरिकेत ती होती, आता ती पातळ होतेय. आपण तर अजून पायाही घातलेला नाही.

तो घालायला कोट्यवधी डॉलर लागत नाहीत. तालुक्याच्या कॉलेजात संध्याकाळी मुलींसाठी राखून ठेवलेलं तासभर मैदान, चालू स्थितीतला दिवा, कुलूप नसलेलं बाथरूम आणि सोडून गेलेल्या मुलीला 'ये परत' म्हणणाऱ्या एक बाई, एवढ्यानं सुरुवात होते. तुमच्या गावच्या कॉलेजात मुलींची टीम आहे का, ती शेवटचा सामना कधी खेळली, हे या आठवड्यात जाऊन विचारा तरी! प्राचार्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसेल. चार आया मिळून गेलात, तर उत्तर द्यावंच लागेल.