बागेला कुलूप लावाल, माणसांचे काय कराल?

मुदखेडच्या एका रहिवाशाची तक्रार आमच्यापर्यंत आली आहे. बागेत रात्री बेघर माणसे झोपतात, पहाटे फिरायला जाणाऱ्या बायांना भीती वाटते, शिकवणीहून परतणाऱ्या मुली तो रस्ता टाळतात, सकाळी कोपऱ्यात घाण असते. तेव्हा अंधार पडताच नगर परिषदेने बागेला कुलूप लावावे आणि पोलिसांनी या लोकांना हुसकून द्यावे, अशी त्यांची मागणी आहे. अशी तक्रार काही एकट्या मुदखेडची नाही. नांदेड-लातूरकडेही ती ऐकू येते. पण हे गृहस्थ आपल्याच समाजातले, शिकून नोकरीला लागलेले. म्हणून त्यांना उत्तर देणे आम्हाला भाग आहे.

भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. लेकीबाळींची काळजी करणाऱ्याला लगेच मनुवादी ठरवण्याची घाई कोणी करू नये. बागेत कोणी दारू पिऊन धिंगाणा घालत असेल, बायकांची छेड काढत असेल, तर त्याच्यावर गुन्हा दाखल झालाच पाहिजे. मात्र गुन्हा त्याच्यावर; शेजारी अंगाचे मुटकुळे करून झोपलेल्यावर नव्हे! मुदखेड हे जंक्शन आहे. आदिलाबादची लाईन इथूनच फुटते. अशा गावात गाडी चुकलेला मजूर रात्र काढणार, सुनेने घराबाहेर काढलेली म्हातारी आसरा शोधणार, पोटामागे फिरणारे भटके कुटुंब लेकरांना घेऊन टेकणार. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर बेघर मोजले गेले, त्यातले २ लाखांवर आपल्या महाराष्ट्रातले. यात कोणत्या जातीजमातींची माणसे जास्त, हे आमच्या वाचकांना सांगायला हवे काय?

तक्रारदार बंधूंनी ६ डिसेंबर आठवावा. मराठवाड्यातून, किनवट-मुदखेडकडून आपली माणसे नंदीग्रामने मुंबई गाठतात आणि दादरच्या शिवाजी पार्कात उघड्यावर रात्र काढतात. त्या भागातल्या सुखवस्तू घरांतून काय ऐकू यायचे? घाण करतील, चोऱ्या करतील, आमच्या मुलींनी बाहेर कसे पडायचे! आज मुदखेडच्या बागेबद्दल आपण जे बोलतो, ते शब्दाला शब्द तेच आहे. त्यावर उत्तर मैदानाला कुलूप हे नव्हते. चळवळीने रेटा लावला आणि महापालिकेला मंडप घालावे लागले, पाण्याचे नळ, फिरती शौचालये, दिवे, दवाखाना द्यावा लागला. लाखो लोक तिथे राहून शांतपणे घरी परततात. माणसे तीच, फक्त सोय झाली.

आणि भीतीला मोकळे सोडले तर ती कुठवर जाते हेही पाहा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, भर बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी असल्याची अफवा, एवढेच कारण! त्या जमावालाही आपण गावाची सुरक्षाच करतोय असे वाटत होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसाला चोर ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, पण ती नजर गेलेली नाही. भीक प्रतिबंधाचा १९५९ चा कायदा तर महाराष्ट्रात अजून आहे. उपजीविकेचे उघड साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे, हेसुद्धा त्याच्या व्याख्येत भीक ठरू शकते. पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात आणि एक ते तीन वर्षे कोंडता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती या कायद्याची शिक्षेची कलमे रद्द केली. आपल्याकडे कोणाला त्याची आठवणही नाही.

आता नगर परिषदेकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांना बजावले की लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा असणारा एक निवारा हवा. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने लाखामागे निदान शंभर माणसांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा असे माप ठरवले. या हिशेबाने साडेपाच लाखांच्या नांदेडला पाचशेवर माणसांची सोय करावी लागते. मुदखेड? ते लाखाच्या जवळपासही नाही. म्हणजे निवारा द्यायची वेळ आली की गाव छोटे, हुसकून लावायची वेळ आली की पोलीस पुरेसे!

१९२३ चा बोले ठराव आपण चवदार तळ्यामुळे लक्षात ठेवतो. त्या ठरावात पाणवठे, विहिरी, शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांच्याबरोबर सार्वजनिक पैशातून बांधलेल्या धर्मशाळाही होत्या, हे सहसा कोणी सांगत नाही. वाटसरूची रात्र हासुद्धा सार्वजनिक हक्काचा विषय होता. (आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, मुंबई कौन्सिलचा तो ठराव आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही.) गाडगेबाबांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्यांच्या नावाने स्वच्छतेचे अभियान राबवून बक्षिसे वाटणाऱ्या सरकारला बाबांच्या धर्मशाळा तेवढ्या दिसत नाहीत.

तेव्हा बंधूंनी अर्ज जरूर द्यावा, पण तो बदलून द्यावा. बागेत आणि भोवतालच्या रस्त्यावर दिवे मागा. रात्रीचा रखवालदार आणि पहाटेची पोलीस गस्त मागा. स्टेशनच्या जवळ, रात्री उघडे राहणारे शौचालय असलेली, बायकांना वेगळी खोली असलेली निवाऱ्याची जागा मागा. पालिकेची एखादी रिकामी इमारत सुरुवातीला पुरेल. आजारी आणि म्हाताऱ्यांना सरकारी दवाखान्यात पोहोचवण्याची जबाबदारी कोणा अधिकाऱ्यावर नावानिशी टाकायला लावा. हे होईपर्यंत रात्री कुलूप नको. बागेतून निघालेला माणूस रेल्वेच्या पुलाखाली जाईल, दुकानाच्या पायरीवर जाईल, नाहीतर तुमच्याच गल्लीच्या तोंडाशी अंधारात बसेल. मग तिथली तक्रार सुरू होईल. अर्जावर सह्या घेताना बागेत झोपणाऱ्यांचेही म्हणणे विचारा आणि त्यांचे अंगठे घ्या. सर्वसाधारण सभेत तो अर्ज वाचला जाईल त्या दिवशी वस्तीतल्या बायांनी तिथे हजर राहावे, आणि नगरसेवक काय बोलतात ते आम्हाला कळवावे. आम्ही ते नावासह छापू.