ई-मेल हेही सरकारी दप्तरच

21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हा कोणत्या खात्याच्या फायली जळाल्या, त्यांच्या प्रती कोठे आहेत, असे प्रश्न लागलीच विचारले गेले. शासनाचा पत्रव्यवहार संगणकावर गेल्यापासून दप्तर नाहीसे होण्यास आगीची आवश्यकता उरलेली नाही. अधिकारी निवृत्त होतो, त्याचे ई-मेल खाते बंद होते आणि एखाद्या निर्णयामागचा सारा विचारविनिमय कोणाच्या ध्यानातही न येता लुप्त होऊ शकतो.

अमेरिकेने या प्रश्नाचा अनुभव बराच आधी घेतला. इराणला गुप्तपणे शस्त्रे विकून त्यातील पैसा निकाराग्वातील बंडखोरांकडे वळविल्याचे प्रकरण 1986 च्या नोव्हेंबरात बाहेर पडले. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर व त्यांचे सहकारी ऑलिव्हर नॉर्थ यांनी संगणकावरील आपले पाच हजारांहून अधिक संदेश पुसून टाकले. मात्र नित्याच्या रिवाजाप्रमाणे काढून ठेवलेल्या फितींवर त्यांच्या प्रती शिल्लक होत्या आणि चौकशी समितीस त्याच उपयोगी पडल्या. पुढे 19 जानेवारी 1989 रोजी, म्हणजे रेगन यांनी पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, अशा फिती नष्ट होऊ नयेत म्हणून पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग व इतरांनी न्यायालयात धाव घेतली. महत्त्वाचे संदेश कागदावर छापून फायलीला लावले म्हणजे पुरे, असे सरकारचे म्हणणे होते. ऑगस्ट 1993 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ते अमान्य केले. छापील कागदावर मजकूर उतरतो. तो कोणाकोणास गेला व केव्हा पोचला, हे पुष्कळदा उतरत नाही. आणि जबाबदारी निश्चित करताना नेमके तेच पाहावे लागते. आवक-जावक नोंदवहीचा एवढा आग्रह कशासाठी असतो, हे कोणत्याही अव्वल कारकुनास विचारावे!

योगायोग असा की, त्याच वर्षी डिसेंबरात भारताचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम झाला. संगणकाने वा अन्य कोणत्याही उपकरणाने निर्माण झालेली सामग्री हाही अभिलेखच, असे त्याच्या व्याख्येत म्हटले आहे. नियमबाह्य रीतीने अभिलेख नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने तर 'माहिती'च्या व्याख्येत ई-मेलचा नाव घेऊन उल्लेख केला. महाराष्ट्राचा स्वतःचा अभिलेख अधिनियमही 2005 चाच. म्हणजे कायद्यात शब्दांची वाण नाही.

उणीव आहे ती व्यवस्थेची. कोणता संदेश फायलीला लावायचा, हे व्यवहारात बव्हंशी तो लिहिणारा अधिकारीच ठरवितो. संदेश निवडून दप्तरी लावण्याचे श्रम आज त्याला पडतात. लाभ मात्र वीस वर्षांनी येणाऱ्या, त्याला सर्वस्वी अपरिचित अशा नागरिकास वा अभ्यासकास होणार. खर्च एकाचा व लाभ दुसऱ्याचा असला की ते काम अपुरे होते, हा अर्थशास्त्रातील परिचित सिद्धांत आहे. त्यातून एखादा संदेश अडचणीचा असला, तर तो न ठेवण्यातच अधिकाऱ्याचा स्वार्थ असतो. हिलरी क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना 2009 ते 2013 या काळात खाजगी ई-मेल व्यवस्था वापरली. पुढे सुमारे तीस हजार संदेश त्यांनी सरकारला परत केले आणि जवळपास तितकेच खाजगी म्हणून वगळले. ही निवड त्यांच्याच वकिलांनी केली. ती प्रामाणिक होती असे गृहीत धरले, तरी तिची खातरजमा इतरांनी कशी करावी?

सारेच जतन केल्यास अधिकारी मोकळेपणाने लिहिणार नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्यांश आहे. तथापि जतन करणे म्हणजे प्रसिद्ध करणे नव्हे. गोपनीयतेचे अपवाद माहिती अधिकाराच्या कायद्यात आहेतच. पुण्याच्या पेशवे दप्तरातील जमाखर्चाचे कागद लिहिणाऱ्या कारकुनांनाही, आपल्या रुमालांतून पुढे कोणी भावांचा इतिहास शोधील, याची कल्पना नव्हती. त्यांनी निवड केली असती, तर धान्याच्या दरांचे कागद बहुधा पहिल्याच रद्दीत गेले असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने 2013 साली सुचविलेला 'कॅपस्टोन' हा मार्ग म्हणूनच विचारार्ह आहे. त्यात संदेशाचा मजकूर न पाहता अधिकाऱ्याचे पद पाहतात. वरिष्ठांचे ई-मेल कायम राहतात. इतरांचे साधारणपणे सात वर्षे. आपल्या अभिलेख-कक्षांतील 'अ' ते 'ड' या वर्गवारीस हे मुळीच परके नाही. सचिव, जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त यांची ई-मेल खाती 'अ' वर्गात घालावीत आणि ती व्यक्तीच्या नव्हे, तर पदाच्या नावे असावीत. बदलीच्या वेळी कार्यभार सोपविताना कपाटांच्या किल्ल्यांची नोंद होते. तीत या खात्याचीही भर पडावी.

भ्रमणध्वनीवरील गटांतून सुटणाऱ्या आदेशांचा प्रश्न याहून बिकट आहे. खाजगी खात्यावरून सरकारी काम केल्यास वीस दिवसांच्या आत त्याची प्रत सरकारी खात्यात पाठविलीच पाहिजे, असे बंधन अमेरिकेने 2014 साली घातले. तशी मुदत येथे घालण्यास नवा कायदा नको; 'अन्य कोणतेही उपकरण' हे शब्द 1993 च्या अधिनियमात आहेत आणि नियम करण्याचा अधिकारही सरकारला आहे.