ज्येष्ठांच्या हाती बारबेल कधी?

कोल्हापूर : कळंबा तलावाकाठी फेरफटका मारणाऱ्या ज्येष्ठांचे हृदय चालण्याने सुदृढ राहते, मात्र वयोमानानुसार झिजणारे स्नायू केवळ चालण्याने सावरत नाहीत. जमिनीवरून उठणे, जिना चढणे, तोल सांभाळणे हे सारे स्नायूंच्या ताकदीवरच अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठीही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवला. त्याआधी १९९० मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी आठ आठवडे भार उचलण्याचा व्यायाम केला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली. मोतीबाग, गंगावेश तालमींच्या या शहरात मात्र वजन उचलणे हे तरुण मल्लांचेच काम समजले जाते. उद्यानांतील ‘ओपन जिम’ची यंत्रेही बहुधा शरीराच्याच वजनावर चालतात; भार टप्प्याटप्प्याने वाढवता येत नाही. बारबेलवर तो वाढवता येतो. अर्थात, रिकामा दांडाच २० किलोंचा असल्याने सुरुवातीला हलका दांडा, वैद्यकीय तपासणी आणि जाणता वस्ताद हवाच.