बक्षीस बैलाला मिळतं, त्याच्या आईला कधी?



लावणी उरकली की आपल्या जिल्ह्यात चिखल नांगरणीच्या स्पर्धा सुरू होतात. लांजा, संगमेश्वर, चिपळूण, राजापूर, कुठे ना कुठे दर रविवारी मंडप असतोच. व्हॉट्सॲपवर पत्रकं फिरायला लागलीत. माझ्याकडे आतापर्यंत चार आली. चारही पत्रकांत घाटी गटाचं बक्षीस वर, मोठ्या अक्षरात. गावठी गटाचं खाली आणि रक्कम निम्म्याच्या आसपास. यावर गेल्या वर्षीही लिहायचं होतं, भातकापणीत राहून गेलं.

घाटावरचे काही कृषी अधिकारी हे पान वाचतात, त्यांच्यासाठी सांगतो. घाटी म्हणजे वरून विकत आणलेला बैल, बहुतेक खिलार. उंच, पांढरा, लांब पायांचा. गावठी म्हणजे आमच्या गोठ्यातल्या बुटक्या गायीचा पाडा. तांबडा, काळा, कधी करडा. लहान चणीचा आणि टणक खुराचा. जोडीला नांगर जुंपायचा, चिखलाच्या शेतात निशाणं लावलेली असतात, त्यांना वळसा घालून कमीत कमी सेकंदात फेरी पूर्ण करायची. निशाण पडलं की बाद. नांगर हातातून सुटला तरी बाद.

मी लहान असताना स्पर्धा हा शब्द नव्हता. पैज होती. वाडीतला शेवटचा कोपरा लावायचा राहिला की दोन-तीन जोतं तिथं एकत्र यायची. तसंही त्या कोपऱ्यात चिखलणी करायचीच असायची. मग कुणीतरी म्हणायचं, बघूया कुणाची जोडी आधी फिरते. बक्षीस एक नारळ. फार झालं तर कोंबडा, आणि तो त्याच रात्री सगळ्यांनी मिळून खायचा. घड्याळ एकाच्याच हातात, मुंबईहून गणपतीआधीच रजा टाकून आलेल्या चाकरमान्याच्या. त्याच्या सेकंदकाट्यावरून जी भांडणं व्हायची ती दिवाळीपर्यंत पुरायची.

कोपरा केवढा? आमच्याकडचे कोपरे तुम्हाला माहीत आहेत. उतारावर बांध घालून केलेले, काही तर खळ्याएवढेच. वीस-पंचवीस पावलं गेलात की बांध आला. म्हणजे पळायला जागाच नाही, सगळा खेळ वळणाचा. आतल्या बाजूचा बैल जवळजवळ जागेवर थांबून फिरला पाहिजे आणि बाहेरच्याने त्याच वेळात मोठा फेरा मारला पाहिजे. जू तिरकं झालं की नांगर उसळतो आणि धरणारा तोंडावर पडतो. माझे वडील जोडी लावताना आतला बैल आधी निवडायचे. म्हणायचे, पळतो कसा ते कुणीही बघेल, थांबतो कसा ते बघ. आमचा पाखऱ्या तसा होता. एरवी आळशी, चरायला सोडला तर सगळ्यांत मागे. पण रुमण्यावरचा हात जरा दाबला की खूर रोवून उभा राहायचा आणि बाहेरच्या बैलाला फिरू द्यायचा. दोन बोटांत धरलेल्या परकराप्रमाणे तो स्वतःभोवती गिरकी घ्यायचा, असं आमची आजी म्हणायची. तीन पावसाळे त्याला कुणी हरवलं नाही.

त्या काळी एकाने कऱ्हाडच्या बाजाराहून खिलार जोडी आणली होती. देखणी जोडी, बघायला माणसं यायची. कोपऱ्यात घातली तर पहिल्याच वळणाला बांधावर चढली. लांब टांगेचा बैल वेग घेईपर्यंत कोपरा संपतो, आणि वजनाने चिखलात रुततो तो वेगळाच. त्या वर्षी नारळ पाखऱ्यालाच मिळाला.

आता स्पर्धा कुठे होतात? नदीकाठच्या मळ्यात, चार-पाच दळी मोडून एक केलेल्या लांबलचक शेतात. आदल्या दिवशी ट्रॅक्टरने चिखल करून ठेवलेला. लांब बाजू सरळ, वळणं मोठी. तिथं खिलार पळणारच, त्याचं रक्तच पळायचं आहे. माणदेशातला, आटपाडीकडचा तो बैल सपाट रानासाठी घडलाय. त्याला मी नावं ठेवत नाही. मला एवढंच म्हणायचंय की शेताची लांबी आपण बदलली आणि तेव्हाच ठरवून टाकलं की कुठलं जनावर जिंकणार. पुढे बक्षीस, फोटो, यूट्यूबचे कॅमेरे सगळे त्याच्याच मागे गेले. आता शर्यतीची जोडी घ्यायची तर लाखांच्या गोष्टी होतात. नारळाच्या पैजेतला माणूस ती कुठून आणणार? तो बांधावर उभा राहून टाळ्या वाजवतो.

हे काही आपल्याकडेच झालं असं नाही. इंग्लंडात कोळशाच्या खाणीतले मजूर शर्यतीची कबुतरं पाळायचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला तिथं दोन तऱ्हा होत्या. एक लांब पल्ल्याची. पक्षी टोपल्यांतून आगगाडीने शेकडो मैल न्यायचे, तिथून सोडायचे, घरी परतल्याची वेळ खास घड्याळात नोंदवायची. त्याला रेल्वेचं भाडं लागे, घड्याळ लागे, क्लब लागे. दुसरी जवळच्या पल्ल्याची, मैल-दोन मैलांपासून दहाएक मैलांपर्यंतची. ती गरिबाची शर्यत. पक्षी सोडायला माणूस पायी जाई, घराच्या मागे मालक डब्यात दाणे वाजवत कबुतराला खाली बोलवत उभा असे, आणि पैजा लागत. हळूहळू मान लांब पल्ल्याला मिळत गेला. जवळच्या पल्ल्याची शर्यत मागे पडली तशी तिच्यासाठी राखलेल्या पाखरांची गरजही कमी झाली. (कोल्हापूरकडे कबुतरांच्या स्पर्धा असतात, पण तिथं आकाशात जास्त वेळ कोण टिकतं ते बघतात. तो खेळ निराळा.)

या कबुतरवाल्यांची एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा बरी होती, आणि आजचा माझा खरा मुद्दा तोच आहे. जिंकलेला पक्षी ते जोडीला लावायचे. त्याची पिल्लं ठेवायचे. शर्यत म्हणजे त्यांची निवड पद्धत होती. आपल्याकडे काय होतं? नांगराचा बैल दोन-अडीच वर्षांचा झाला की खच्ची केलेला असतो. तो जिंकला, हार घातला, गुलाल उधळला, आणि त्याचा वंश तिथंच थांबला. पाखऱ्याचं एकही वासरू नाही. तीन पावसाळे न हरलेला बैल, आणि त्याचं आज काही शिल्लक नाही.

शिल्लक असू शकली असती ती त्याची आई, त्याच्या बहिणी. त्या गायींचं काय झालं ते आपण सगळे जाणतो. गावठी गाय दिवसाला दोन लिटरच्या आसपास देते, तेही वासराला सोडून काय उरेल ते. डेअरीच्या हिशेबात ती बसत नाही. ती गोठ्यात राहिली होती ती दोनच गोष्टींसाठी, शेण आणि नांगराला पाडा. पॉवर टिलर आला, पाड्याची गरज संपली, गाय गेली. मी स्वतः पॉवर टिलर वापरतो, त्यामुळे त्याला शिव्या घालणार नाही. एका दिवसात आटपणारं काम चार दिवस का ताणायचं? माणसंही नाहीत. तरी माझे वरच्या अंगाचे सात कोपरे असे आहेत की तिथं यंत्र न्यायचं तर तिघांनी उचलून बांध ओलांडावे लागतात. तिथं अजून शेजाऱ्याची जोडी बोलावतो. त्याची जोडी गेली की ते सात कोपरे पडीक पडतील. एकदा बांध फुटला आणि दोन पावसाळे दुर्लक्ष झालं की जांभ्यावरची ती वीतभर माती खाली वहाळात जाते. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, ती परत येत नाही.

आपल्या या गायीला सरकारदरबारी नाव मिळालंय, हे अजून बऱ्याच जणांना ठाऊक नाही. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची 'कोकण कपिला' म्हणून स्वतंत्र जात नोंदवली आहे. दमट हवेत टिकणारी, डोंगर चढणारी, पेंढ्यावर भागवणारी. नाव मिळालं हे चांगलंच. पण मी गेल्या वर्षी कृत्रिम रेतनासाठी चौकशी केली तेव्हा जर्सी होती, गीर होती, कोकण कपिलाची मात्रा नव्हती. गावचा वळू तर केव्हाच गेला. म्हणजे उरलेली गावठी गाय माजावर आली की तिला गावठीच वासरू होईल याची सोय नाही.

मधल्या बंदीबद्दलही बोललं पाहिजे. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि बैलांच्या शर्यती थांबल्या. राज्याने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, तोही कोर्टात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने तो कायदा ग्राह्य धरला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, काठी-चाबूक बंद. या अटी मला जाचक वाटत नाहीत. शेपूट पिरगाळणं, टोचणं हे प्रकार होत होते, खोटं कशाला बोला. पण बंदीच्या काळात एक झालं. नारळावर पैज लावणारे घाबरून गप्प बसले. आमच्या वाडीत त्या सात-आठ वर्षांत कुणी जोत एकत्र आणलं नाही. परवानगी आल्यावर जे उभे राहिले ते मंडप, स्पीकर आणि देणगीदार असलेले मोठे आयोजक. कागदपत्रांचा खर्च त्यांनाच परवडतो.

आयोजकांनो, तुमच्यातले बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत, म्हणून हक्काने सांगतो. गावठी गट आधी घ्या, सकाळी, गर्दी ताजी असताना. दुपारी चारला लोक वडापाव खाऊन घरी निघाले की गावठी जोडी उतरवता, तिला कोण बघणार? त्यांच्यासाठी शेत छोटं आखा, वळणं वाढवा. वेळेबरोबर नांगर किती खोल गेला याचेही गुण ठेवा. आता काही जण फाळ जेमतेम चिखलाला टेकवून पळतात, त्याला नांगरणी म्हणत नाहीत. युरोपात नांगरणीच्या स्पर्धा होतात त्यात तास किती सरळ आणि एकसारखं पडलं ते बघतात, पळण्याला गुण नाहीत. आपण तेवढं टोक गाठायला नको, पण खोलीसाठी एक काठी शेतात रोवून बघायला काय खर्च येतो?

आणि गावठी गटात खिलारचा संकर घुसवणं बंद करा. हे सर्रास चाललंय. आता प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे. पाडा कुणाच्या गोठ्यात, कुठल्या गायीला झाला, हे नोंदीत असलंच पाहिजे अशी अट घाला. नोंद नसेल तर गावठी गटात प्रवेश नाही. दोन वर्षं ओरड होईल, मग लोक नोंदी करतील.

त्या नोंदीवरूनच बक्षिसाचा एक हिस्सा बैलाच्या आईच्या मालकाला द्या. बैल विकत घेऊन जिंकणारा वेगळा असतो, आणि दोन लिटरची गाय तोट्यात पोसणारी एखादी विधवा काकी वेगळी असते. तिला स्टेजवर बोलवा. पाच हजार रुपये आणि साडी मिळाली तर पुढच्या वर्षीची पेंड सुटेल. आणि शेजारीपाजारी विचारतील, काकी, ती पाडी विकायची आहे का? दापोलीच्या विद्यापीठातली मंडळी वाचत असतील तर त्यांनाही विनंती. जिंकलेल्या जोड्यांच्या आया आणि भावंडं कुठे आहेत याची यादी तुम्हाला एका रविवारी मंडपात बसून मिळेल. त्यातला एखादा न बडवलेला भाऊ वळू म्हणून निवडता येईल. एकाच वळूवर पंचक्रोशी फिरली तर रक्त जवळ येतं, म्हणून चार-पाच गावांत वेगवेगळे ठेवून दर तीन वर्षांनी अदलाबदल करावी लागेल. वळूला पोसायचं कुणी, हा प्रश्न आहेच. स्पर्धेच्या प्रवेश फीतून प्रत्येक जोडीमागे थोडे पैसे बाजूला काढले तर पेंढ्याची तरी सोय होईल.

माझ्याकडे एक पाडा आहे. तांबडा, कपाळाला पांढरा ठिपका, येत्या दिवाळीला तीन वर्षं पूर्ण होतील. त्याच्या आईचे दोन पाडे शेजारच्या गावात नांगराला आहेत आणि दोन्ही वळणाला चांगले आहेत. याला मी खच्ची केलेलं नाही, करणारही नाही. ब्रुसेलाच्या तपासणीसाठी रक्त दिलंय, अहवाल आला की इथं टाकतो. अहवाल नीट आला तर पंचक्रोशीत कुणाकडे गावठी गाय माजावर असेल त्यांनी घेऊन या, पैसे नकोत. गायीचा बिल्ला नंबर तेवढा लिहून आणा. सकाळी दहाच्या आत या, नंतर मी बागेत असतो.