शेवटचे रीळ

आमच्या गावापासून पुसेगाव अडीच मैलांवर. एरवी बाजाराच्या दिवशी सहज संपणारी ही वाट मार्गशीर्षात मात्र संपता संपत नसे. कारण त्या महिन्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. थोरली माणसे रथाला नोटा वाहायला जात, बाप्ये खिलार खोंडांच्या बाजारात फिरत, बायका बांगड्या भरत. मला यांतले काहीच नको असे. मला तंबू हवा असे.

यात्रेच्या माळावर टुरिंग टॉकीजचे तंबू उभे राहत. बाहेर कर्ण्यातून गाणी, दारावर रंगीत चित्रांचे फलक आणि आत मोकळी जमीन. मधोमध दोर बांधलेला. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. तिकीट चार आण्यांचे. नवे पैसे येऊन काही वर्षे झाली होती, पण आमच्याकडे अजून आणेच चालत. यंत्र एकच असल्यामुळे रीळ संपले की अंधारात बसून राहायचे आणि पुढचे रीळ चढेपर्यंत शेंगा फोडायच्या. शहरातल्या माणसाला हा खोळंबा वाटेल. आम्हाला तो बोनस वाटे, कारण तेवढा सिनेमा लांबायचा.

फीत तुटली की एकच गिल्ला व्हायचा. शिट्ट्या, आरोळ्या. मग यंत्रावरचा माणूस तुटलेल्या टोकांची दोन-चार चित्रे कापून टाकायचा, सांधा चिकटवायचा आणि सिनेमा पुढे सुरू. ते कापलेले तुकडे मिळवण्यासाठी आम्ही पोरे दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकभोवती घोटाळत असू. उडालेल्या बल्बच्या आतले काढून त्यात पाणी भरायचे, त्यापुढे तुकडा धरायचा आणि दुसऱ्याने आरशाने ऊन फेकायचे. घराच्या पांढऱ्या भिंतीवर उलटासुलटा का होईना, नट उभा राहायचा. माझ्याकडे अशा तुकड्यांनी भरलेली एक काड्यापेटी होती. ती मी जिवापाड जपली होती.

१९६४ साली मी नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षी आई पहिल्यांदा आमच्याबरोबर तंबूत आली. चित्रपट जुनाच होता, मराठी आणि कौटुंबिक. त्याचे नाव इथे देत नाही. त्याचे कारण पुढे येईल. गोष्ट बहीणभावाची होती. जमिनीच्या तुकड्यावरून दोघांत वितुष्ट येते, भाऊ बहिणीच्या दारी पाऊल टाकत नाही. शेवटाकडे दिवाळी येते. बहीण ओवाळणीचे ताट तयार करून उंबऱ्यात बसते. भाऊ येणार का?

नेमक्या त्याच वेळी रीळ संपले आणि धाकट्या भावाचे अंग तव्यासारखे तापले. वडिलांनी गाडी जुंपली. आम्ही निघालो. शेवटचे रीळ राहून गेले.

वाटभर आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चुलीपुढे भाकरी थापता थापता तिने मला विचारले, “काय रं, त्या पिक्चरमधी शेवटाला भाऊ आला का न्हाय, इचार की कुनाला तरी.”

मी शाळेत विचारले. एक म्हणाला, आला. दुसरा म्हणाला, बहीणच मरते. तिसरा झोपला होता. मी घरी येऊन आईला सांगितले, “आये, आला. गाडी जुंपून आला. आन् दोघं लई रडली.”

हे मी का सांगितले, ते त्या वेळी मला नीट कळत होते असे नाही. पण एवढे ठाऊक होते, की माझा मामा सहा वर्षे आमच्याकडे आला नव्हता. कारण तेच, दोन वाफ्यांची जमीन. आईने नुसती मान हलवली आणि भाकरी उलटली. पुढच्या दिवाळीला तिने आपण होऊन मामाला निरोप धाडला. मामा आला. बैलगाडीने नाही, एस्टीने आला, पण आला.

पुढे मी शिकलो, शहरात नोकरीला लागलो, चित्रपट पाहत राहिलो. आई गेल्यावर मात्र मनात एक टोचणी राहिली. त्या चित्रपटाचा खरा शेवट काय होता? मी तिला खरे सांगितले होते की खोटे? निवृत्तीनंतर वेळ मिळाला, तेव्हा शोधाला लागलो. पुष्कळ फिरल्यावर निर्मात्याच्या वारसांचा पत्ता लागला. माणसे सज्जन होती. माळ्यावरचे गंजलेले पत्र्याचे डबे त्यांनी खाली काढून दिले. झाकण उघडताच खोलीभर शिरक्याचा आंबूस वास सुटला. काही रिळे आक्रसून वेडीवाकडी झाली होती. शेवटच्या क्रमांकाच्या डब्यात रीळ नव्हतेच; गुळाची ढेप असावी तसा एकसंध गोळा होता. उलगडायला गेलो तर खपल्या निघाल्या. घरच्यांचे डोळे भरून आले. आता त्यांचे नाव घेऊन त्यांना बोल लावण्यात काय अर्थ? त्यांनी तो वारसा टाकला नव्हता, जपलाच होता. कसा जपायचा हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, इतकेच.

तो आंबूस वास म्हणजे काय, ते मला नंतर समजले. सुरुवातीच्या काळात चित्रपट नायट्रेटच्या फितीवर निघत. चित्र त्यात देखणे उमटे, पण ती फीत भयंकर ज्वालाग्राही. एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. १९५० च्या सुमारास तिची जागा ॲसिटेटच्या फितीने घेतली. ती सहजासहजी पेटत नाही म्हणून तिला ‘सेफ्टी फिल्म’ म्हणत. पण उष्णतेने आणि दमटपणाने तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटते. शिरक्यात असते तेच हे आम्ल. एकदा ही क्रिया सुरू झाली, की सुटलेले आम्लच फितीला आणखी कुजवते आणि शेजारच्या डब्यांनाही बाधते. रंगीत प्रतींचे दुखणे आणखी वेगळे. त्यांतला निळसर रंग आधी विटतो आणि मग आकाश, झाडे, नायिकेचे पातळ, सारे गुलाबी-तांबडे दिसू लागते. माझ्या काड्यापेटीतले रंगीत तुकडे तसेच झाले होते. ते पाहून मी इतकी वर्षे म्हणत आलो, की जुना सिनेमा असाच दिसायचा. तो तसा दिसत नव्हता. आपण त्याला तसा होऊ दिला.

आपल्याकडचा हिशोब मांडला तर मन विषण्ण होते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशन थिएटरात झळकला. त्याच्या चार रिळांपैकी आज काही भागच हाती आहे. देशात तेराशेच्या वर मूकपट निघाले. पूर्ण वा अपूर्ण स्वरूपात उरले आहेत ते तीसच्या घरात. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट. तो मूकपट आज कुठेही पाहायला मिळत नाही. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१), त्याचीही प्रत नाही. कृष्णधवल फितीत चांदी असते. ती काढून घेण्यासाठी कितीतरी चित्रपट रद्दीच्या भावाने विकले गेले आणि वितळवले गेले. जे उरले त्यांतलेही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या कोठाराला लागलेल्या आगीत गेले.

मी पुसेगावच्या तंबूत बसलो होतो त्याच १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. पुढच्याच वर्षी तिथे रुजू झालेले पी. के. नायर १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत डबे गोळा करत राहिले. फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’सारख्या मूकपटाचे तुकडे जुळवून तो पुन्हा उभा राहिला, तो त्यांच्यामुळे. पण एका संस्थेने, एका माणसाने किती ठिकाणी पोचावे? आणि चित्रपट ही जपून ठेवण्याची वस्तू आहे, हेच मुळी आपल्याला पटायला पन्नास वर्षे लागली. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटानंतर संग्रहालय निघायला एक्कावन्न वर्षे गेली.

आणि मग स्वतःकडे पाहतो. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे साडेतेरा हजार फूट फीत. सरळ अंथरली तर अडीच मैल भरते, आमच्या गावापासून थेट पुसेगावपर्यंत. त्या वाटेवरची दोन-चार चित्रे माझ्या काड्यापेटीत आली. पुढच्या गावच्या पोराच्या काड्यापेटीत आणखी दोन-चार गेली. एका सेकंदाला चोवीस चित्रे. दहा जत्रांत चार चार चित्रे गेली की नायकाचे अर्धे वाक्य गेले. आम्ही त्या सिनेमावर जीव टाकत होतो आणि वाटावाटाने तो संपवतही होतो. एखाद्या गोष्टीवर प्रेम असणे आणि ती सांभाळणे, या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मला सत्तरीत उमगले.

आता फीत गेली. २०१० नंतरच्या काही वर्षांत चित्रपटगृहांतून रिळे हद्दपार झाली, तंबूंतही डिजिटल यंत्रे आली. महाराष्ट्रातल्या फिरत्या तंबूंवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरवला गेला. काही जण म्हणतात, आता सारे संगणकात आहे, काळजी मिटली. ती मिटलेली नाही. हार्ड डिस्क बंद पडतात, जुनी फाइल नव्या यंत्रात उघडत नाही. लग्नाची व्हिडिओ कॅसेट ज्यांच्या कपाटात आहे आणि ती लावायला यंत्र नाही, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

निराश व्हावे असेही नाही. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ गुजरातमधल्या पाच लाख शेतकऱ्यांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून निघाला. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो नव्याने उजळला आणि २०२४ साली कानमध्ये दाखवला. म्हणजे मनावर घेतले तर होते. पुण्याचे संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहे. जुन्या चित्रपटांच्या डिजिटायझेशनचे काम तिथेही झाले आहे. पण संग्रहालय जे हाती आहे तेच वाचवू शकते. जे माळ्यावर आहे ते त्याला दिसत नाही.

म्हणून आज रविवारचा चहा झाला की जरा माळ्यावर चढून पाहा. आजोबांनी काढलेली लग्नाची छोटी फिल्म असेल, गावच्या बंद पडलेल्या टॉकीजमधला एखादा डबा असेल. उन्हाने तापणाऱ्या पत्र्याखाली तो ठेवू नका. थंड, कोरड्या जागी ठेवा. शिरक्याचा वास येत असेल तर इतर डब्यांपासून दूर करा. चिकटलेले रीळ जोर लावून उलगडू नका. ती चूक मी करून बसलो आहे. जाणकारांना दाखवा, संग्रहालयाला कळवा. कॅसेट असेल तर तिची प्रत करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि घरातली म्हातारी माणसे अजून आहेत तोवर ती चित्रे त्यांच्याबरोबर बसून पाहा. कोण कोणाची आत्या, हे डब्यावर लिहिलेले नसते.

भाऊ आला की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही. आईला मी जे सांगितले तेच आता त्या चित्रपटाचे शेवटचे रीळ. नऊ वर्षांच्या पोराने बनवलेले ते रीळ आमच्या घरी मामाला घेऊन आले, याचे समाधान आहे. पण ज्या कोणी तो चित्रपट काढला, त्यानेही त्या उंबऱ्यातल्या बहिणीसाठी काहीतरी ठरवले असेलच. ते ऐकून घ्यायला आम्ही फार उशिरा पोचलो.